रात्रभर चालू राहिलेली इलेक्ट्रिक गाडी आणि आपोआप लॉक होणारी दारे

गोव्यातल्या फोंड्याच्या एका गृहस्थांनी मला तीन तक्रारी एकत्र कळवल्या आहेत. नवी इलेक्ट्रिक गाडी त्यांनी संध्याकाळी सातच्या सुमारास अंगणात उभी केली. सकाळी सहाला पाहतात तर स्क्रीन उजळलेला, दारे लॉक न झालेली आणि बॅटरी 11 टक्क्यांनी उतरलेली. त्याच आठवड्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात याच्या नेमके उलट घडले. चावी डिकीतल्या पिशवीत राहिली आणि गाडी स्वतःहून लॉक झाली. तिसरी तक्रार त्यांच्या आईंची आहे. गाडी थांबल्यावर मागचे दार आतून कधी उघडते, कधी उघडत नाही. गाडीत बिघाड आहे काय, बॅटरीला इजा झाली काय आणि नको तेव्हा आपोआप लॉक होणारी गाडी हवे तेव्हा आपोआप बंद का होत नाही, असे त्यांचे प्रश्न आहेत.

बिघाड नाही आणि गाडी चालवणाऱ्या मोठ्या बॅटरीला इजाही झालेली नाही, हे आधी सांगून टाकतो. मात्र तिन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे. गाडी बंद करणे आणि गाडी लॉक करणे ही दोन वेगळी कामे आहेत, गाडी ती दोन वेगळ्या नियमांनी करते आणि दोन्ही वेळी तिचे लक्ष चावी कुठे आहे याकडे असते. पेट्रोलच्या जुन्या गाडीत आपण चावी फिरवून, ती हातात काढून घेऊनच उतरत असू, त्यामुळे बंद करणे आणि चावी बाहेर आणणे या गोष्टी हाताच्या एकाच हालचालीत होत. आता चावी खिशातच राहते आणि इंजिनाचा आवाज नसल्यामुळे कानही काही सांगत नाही.

पहिली तक्रार आकड्यांतूनच उलगडते. त्यांच्या गाडीची बॅटरी साधारण 30 युनिटची आहे. 11 टक्के म्हणजे 3.3 युनिट वीज, आणि ती 11 तासांत गेली, म्हणजे सतत सुमारे 300 वॅटचा भार. स्क्रीन, कंट्रोल युनिटे, पंप आणि बारा व्होल्टची बॅटरी भरत ठेवणारा कन्व्हर्टर यांचा एकत्रित खर्च एवढाच असतो. यावरून दोन गोष्टी कळतात. गाडी पूर्ण ‘रेडी’ अवस्थेत, म्हणजे चालू आणि निघायला तयार होती, आणि एसी बंद होता. एसी चालू राहिला असता आणि गोव्याच्या दमट रात्री त्याने सरासरी एक किलोवॅट जरी ओढले असते, तरी सकाळपर्यंत बॅटरी जवळजवळ निम्मी झाली असती. तेव्हाही मोठ्या बॅटरीचे नुकसान झाले नसते, कारण तिच्या दृष्टीने हा हळूहळू केलेला प्रवासच असतो. काळजी वाटावी अशी अवस्था एकच आहे, ती म्हणजे बॅटरी तळाशी जाईपर्यंत गाडी चालू राहणे आणि त्यानंतर ती आठवडेच्या आठवडे चार्ज न करता उभी ठेवणे.

मला अधिक काळजी वाटते ती दुसऱ्या, लहान बॅटरीची, कारण माझ्याकडे बंद पडून येणाऱ्या इलेक्ट्रिक गाड्यांत दोषी बहुतेक वेळा तीच असते. जवळजवळ प्रत्येक इलेक्ट्रिक गाडीत मोठ्या बॅटरीशिवाय बारा व्होल्टची एक साधी बॅटरी असते. दारांचे लॉक, काचा, हॉर्न, दिवे, स्क्रीन हे सगळे तिच्यावर चालते. मोठ्या बॅटरीचा प्रवाह गाडीत सोडणारे कॉन्टॅक्टर नावाचे जाड स्विचसुद्धा तीच ओढते. गाडी ‘रेडी’ असते तेव्हा मोठी बॅटरी कन्व्हर्टरमार्फत लहान बॅटरीला भरत राहते, म्हणून रात्रभर ‘रेडी’ राहिलेली गाडी सकाळी मुकाट्याने सुरू होते. परंतु ब्रेक न दाबता बटण दाबले तर बहुतेक गाड्या ‘रेडी’ होत नाहीत. फक्त डॅशबोर्ड आणि स्क्रीन जागे होतात, कॉन्टॅक्टर जोडले जात नाहीत आणि सगळा भार लहान बॅटरीवर पडतो. रेडिओ ऐकायला किंवा काच वर घ्यायला आपण असे बटण दाबतो आणि तसेच उतरतो. चाळीस अँपिअर-तासांच्या बॅटरीत सगळी मिळून जेमतेम अर्धा युनिट वीज असते. शंभर-सव्वाशे वॅटचा भार असला तर ती चार तासांत संपते. मग मोठ्या बॅटरीत 90 टक्के चार्ज शिल्लक असूनही गाडी उघडत नाही, सुरू होत नाही आणि पुष्कळ मॉडेलांत चार्जरला लावली तरी चार्ज होत नाही, कारण चार्जिंगसाठी कॉन्टॅक्टर ओढायलाच बारा व्होल्ट नसतात. त्यात शिशाची बॅटरी एकदा अशी पूर्ण उतरली की तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर बसतो आणि तिचे आयुष्य घटते. आपल्याकडच्या उष्म्याने ते आधीच कमी झालेले असते.

म्हणून फोंड्याच्या गृहस्थांना सुचवतो की लहान बॅटरी एकदा मीटर लावून तपासून घ्यावी. गाडी बंद ठेवून काही तास गेल्यावर 12.6 व्होल्टच्या आसपास आकडा दिसला तर ती भरलेली आहे. 12 किंवा त्याहून कमी दिसला तर तिला मदत हवी आहे. गाडी ‘रेडी’ केल्यावर हाच आकडा साडेतेरा ते साडेचौदाच्या दरम्यान जायला हवा. तो गेला नाही तर कन्व्हर्टरकडे पाहावे लागेल आणि ते काम सर्व्हिस सेंटरचे आहे. बॉनेटखाली नारिंगी रंगाच्या केबली दिसतील. त्यांना घरी कोणीही हात लावू नये, हे मी प्रत्येक ग्राहकाला पुन्हा पुन्हा सांगतो.

आता गाडी स्वतःहून बंद का झाली नाही ते पाहू. ठरावीक वेळ कोणी काही केले नाही की बंद होण्याची सोय काही मॉडेलांत असते, काहींत ती सेटिंगमधून चालू करावी लागते आणि काहींत ती नसतेच. हा निर्णय निर्मात्याचा असतो आणि त्याला कारण आहे. एसी लावून आजारी माणसाला गाडीत बसवून ठेवणे, लहान मुलाला झोपू देणे, रात्री उशिरा आलेल्या विमानाच्या प्रवाशासाठी दाबोळीला थांबणे, असे प्रसंग खरेच येतात आणि अशा वेळी गाडी अचानक बंद पडली तर तोही धोकाच असतो. त्याहून महत्त्वाचा नियम चावीचा आहे. एकदा ‘रेडी’ झालेली गाडी चावी दूर गेली म्हणून बंद होत नाही. ती पीं पीं करते, डॅशबोर्डवर सूचना देते आणि चालूच राहते. धावत्या गाडीत चावीचा सेल संपला आणि गाडी पणजीच्या अटल सेतूवर मध्येच बंद पडली तर काय होईल, याचा विचार करूनच हा नियम केलेला आहे. त्याचा दुसरा परिणाम मात्र लक्षात ठेवावा. चावी पत्नीच्या पर्समध्ये असते, पतिराज पणजीच्या कदंब बसस्थानकावर तिला उतरवून पुढे जातात, बाजारच्या गोंगाटात तो इशारा ऐकू येत नाही आणि गाडी मडगावपर्यंत सुखरूप पोहोचते. तिथे बटण दाबून ती बंद केली की मग चावीशिवाय पुन्हा सुरू होत नाही. अशा वेळी गाडी बंद करण्याआधी आठवण झाली तर ती चालूच ठेवून चावी मागवणे हाच सोपा मार्ग आहे.

बटण दाबून सुरू होणाऱ्या पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांत हाच विसर जिवावर बेततो. अमेरिकेत घराला जोडलेल्या बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू राहिले, कार्बन मोनॉक्साइड घरात पसरला आणि झोपलेली माणसे दगावली, असे प्रकार घडत गेले. अखेर तिथल्या 2021 च्या पायाभूत सुविधा कायद्यात अशा गाड्यांचे इंजिन आपोआप बंद होण्याच्या नियमाची तरतूद केली गेली. शुद्ध इलेक्ट्रिक गाडीला धूरच नसल्याने हा धोका तिच्यात नाही. हायब्रिडमध्ये आहे, कारण बॅटरी उतरली की हायब्रिडचे इंजिन आपण होऊन सुरू होते. ज्यांच्या घरी दोन्ही प्रकारच्या गाड्या आहेत त्यांनी हा फरक विसरू नये.

इलेक्ट्रिक गाडीचा खरा धोका ती चालू राहून हलण्याचा आहे. भारतात आलेल्या सुरुवातीच्या काही इलेक्ट्रिक मॉडेलांच्या गिअर नॉबवर पार्किंगचा ‘पी’ नव्हता, फक्त आर (मागे), एन (न्यूट्रल) आणि डी (पुढे) होते. अशी गाडी हँडब्रेक न ओढता ‘रेडी’ राहिली आणि घरातल्या पोराने आत शिरून नॉब फिरवला, तर ती आवाज न करता सरकू शकते. आपल्याकडच्या कितीतरी घरांची अंगणे उताराची आहेत आणि पुढे लगेच रस्ता किंवा व्हाळ, म्हणजे ओढा, असतो. सिग्नलला ब्रेक धरून ठेवणाऱ्या ऑटो होल्डवर विसंबून कोणी उतरत असेल तर ती सवय आजच सोडावी. ऑटो होल्ड हा थोड्या वेळेचा ब्रेक आहे, गाडी उभी करून ठेवण्याचा नव्हे.

आता लॉककडे वळतो. लोक ज्याला सरसकट ‘ऑटो लॉक’ म्हणतात त्यात वेगवेगळी कामे मिसळलेली असतात. वेग साधारण दहा ते वीस किलोमीटरच्या वर गेला की दारे लॉक होतात, हे एक. रिमोटने उघडल्यावर अर्ध्या मिनिटाच्या आसपास कोणतेच दार उघडले नाही तर गाडी पुन्हा लॉक होते, म्हणजे खिशात चुकून बटण दाबले गेले तरी गाडी उघडी राहू नये, हे दुसरे. चावी घेऊन चालत दूर गेल्यावर लॉक होणे हे तिसरे, आणि ते सगळ्या गाड्यांत नसते.

त्या रात्री गाडी लॉक का झाली नाही? कारण ती ‘रेडी’ होती. गाडी चालू असताना हँडलवरच्या बटणाने किंवा दूर गेल्याने लॉक करायला बहुतेक मॉडेल नकार देतात, कारण आत कोणी बसलेले असण्याची शक्यता ती गृहीत धरतात. हँडलचे बटण दाबल्यावर नेहमीची टुक अशी पोच न येता लांब इशारा आला, तर गाडी तुम्हाला एवढेच सांगत असते की मी अजून चालू आहे. तो इशारा ओळखायला घरातल्या सगळ्यांना शिकवावे. लक्षात घ्या, रिमोटने किंवा आतल्या बटणाने अनेक गाड्या चालू असतानाही लॉक होतात, त्यामुळे ‘लॉक झाली म्हणजे बंद आहे’ हा समज चुकीचा आहे.

आईंच्या तक्रारीचे उत्तरही इथेच सापडते. वेगामुळे लॉक झालेली दारे पुष्कळ गाड्यांत गाडी बंद केल्यावर आपोआप उघडतात. गाडी बंदच केली नाही तर ती आज्ञा जात नाही. चालकाचे दार आतला हँडल ओढल्याबरोबर उघडते, म्हणून त्याला काही जाणवत नाही, पण मागचे दार काही मॉडेलांत दोनदा ओढावे लागते आणि काहींत आधी लॉकची खुंटी उचलावी लागते. आई मागे बसून दार ओढत असतात तेव्हा त्या गाडी अजून चालू असल्याचीच खूण देत असतात. मी तर सांगेन की घरात हा नियमच करून टाकावा. मागचे दार उघडत नाही असे कोणी म्हटले की आधी डॅशबोर्डवर ‘रेडी’ दिसते काय ते पाहायचे. ते दिसत नसेल आणि तरीही दार उघडत नसेल तर दाराच्या कडेला असलेली चाइल्ड लॉकची कळ तपासावी. ती लावलेली असेल तर आतला हँडल कितीही ओढला तरी दार उघडणार नाही. सेंट्रल लॉकिंग विजेअभावी बंद पडले तरी आतून हाताने उघडता यावे यासाठीची व्यवस्था भारतात 1 जुलै 2019 पासून नव्या मोटारींना बंधनकारक झाली आहे. तुमच्या गाडीत ती नेमकी कशी चालते हे आईंना गाडी उभी असताना शांतपणे करून दाखवा. त्यांच्या हाताने दोन-तीनदा करवून घेतले तरच गरजेच्या वेळी त्यांना ते आठवेल.

म्हापशाचा प्रकार पुन्हा लॉक होण्याच्या वेळेतून घडला असणार. रिमोटने गाडी उघडली, फक्त डिकी उघडली, सामानाबरोबर चावीची पिशवी आत गेली, डिकी बंद झाली आणि प्रवाशांचे एकही दार उघडले नव्हते म्हणून गाडीने पुन्हा लॉक केले. चावी आत आहे हे गाडीला कळायला हवे होते, असे तुम्ही म्हणाल, आणि सहसा कळतेही. गाडीतले अँटेना कमी फ्रिक्वेन्सीची हाक देतात आणि चावी रेडिओ लहरींनी उत्तर देते. पण चावी स्टीलच्या डब्याखाली, ॲल्युमिनियमच्या फॉइलच्या पाकिटांत किंवा मोबाइलला चिकटून पडली असेल, अथवा तिचा सीआर 2032 सेल उतरला असेल, तर ही हाक पोहोचत नाही किंवा उत्तर परत येत नाही. बाजाराच्या पिशवीत यांतले बरेच काही एकत्र असते. उपाय सोपा आहे. डिकीत सामान ठेवताना चावी पिशवीत टाकायची नाही, ती हातात किंवा खिशातच ठेवायची आणि डिकी उघडण्याआधी चालकाचे दार उघडायचे.

चावी ठेवण्याच्या जागेबद्दलही सांगायला हवे. आपल्या जुन्या घरांत गाडी सोप्याला अगदी लागून उभी राहते आणि चावी दाराजवळच्या खिळ्याला लटकते. गाडी आणि चावी एकमेकांपासून हातभर अंतरावर राहिली तर काही गाड्या पुन्हा पुन्हा जाग्या होतात, चावीचा सेल आणि लहान बॅटरी दोन्ही विनाकारण खर्ची पडतात आणि बाहेरच्या माणसाने हँडलला हात लावला तर दार उघडूही शकते. चावी आतल्या खोलीत, गाडीपासून पुरेशी लांब ठेवावी.

सेल अगदीच संपला तरी घाबरण्याचे कारण नाही. रिमोटच्या पोटात धातूची एक साधी किल्ली असते आणि चालकाच्या हँडलवर, बऱ्याचदा टोपणाखाली, तिचे भोक असते. आत गेल्यावर रिमोट स्टार्ट बटणाला चिकटवून किंवा पुस्तिकेत दाखवलेल्या खाचेत ठेवून ब्रेक दाबला की गाडी सुरू होते, कारण चावीतली ओळख देणारी चिप सेलशिवायही चालते. अडचण एवढीच की वर्षानुवर्षे न वापरलेले हे भोक समुद्राच्या खाऱ्या हवेत गंजून बसते. वर्षातून दोन-तीनदा ती किल्ली लावून फिरवावी आणि थोडा सिलिकॉन स्प्रे मारावा. बारा व्होल्टची बॅटरी मेली असेल तर आत जाण्याचा हाच रस्ता उरतो, आणि त्यानंतर बॉनेट उघडून बाहेरून जंप दिला, म्हणजे दुसऱ्या बॅटरीची वीज जोडली, की गाडी जागी होते. इलेक्ट्रिक गाडीत स्टार्टर फिरवायचा नसल्याने लहान जंप पॅकही पुरतो. उलट आपल्या इलेक्ट्रिक गाडीवरून शेजाऱ्याची डिझेल गाडी सुरू करून देऊ नये. निर्माते याला सहसा मनाई करतात, कारण स्टार्टरचा तो मोठा ओढा कन्व्हर्टरला सोसवत नाही.

आमच्या भागात आणखी एक कारण दिसते आणि ते पावसाळ्यानंतर जास्त दिसते. दाराच्या लॅचमध्ये दार मिटले की नाही हे सांगणारा एक लहान स्विच असतो. त्यावर ओल आणि क्षार बसले की दार मिटलेले असूनही गाडीला ते उघडे वाटते. मग ती लॉक होत नाही, आतला दिवा जळत राहतो, गाडी झोपी जात नाही आणि बारा व्होल्टची बॅटरी दोन-तीन दिवसांत उतरते. बंद केलेली गाडी पुन्हा पुन्हा अशी सापडली तर चालकाला दोष देण्याआधी लॅच तपासून घ्यावे.

आता ज्या गोष्टीत उशीर चालत नाही ती सांगतो. चावी आत, मूल आत आणि गाडी लॉक, हा प्रसंग कोणत्याही घरात येऊ शकतो, कारण आतले लॉकचे बटण लहान मुलाच्या बोटाला सहज सापडते. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीतले तापमान पहिल्या दहा मिनिटांतच जवळपास दहा अंशांनी वाढते आणि लहान मुलाचे शरीर मोठ्या माणसापेक्षा लवकर तापते. एप्रिल-मेच्या उन्हात दुसरी चावी येईपर्यंत थांबणे म्हणजे जुगार आहे. मोबाइलच्या ॲपवरून दार उघडत असेल तर ते लगेच करून पाहा, पण सत्तरी किंवा काणकोणच्या आतल्या भागात नेटवर्क मिळेलच या भरवशावर राहू नका. त्याच वेळी दुसऱ्या कोणाला 112 लावायला सांगा, आणि मूल सुस्त दिसत असेल तर 108 लासुद्धा. मग मुलापासून सर्वांत दूरच्या बाजूच्या काचेच्या कोपऱ्यावर टोकदार वस्तूने घाव घाला. पुढची मोठी काच फोडण्यात वेळ घालवू नका, ती थरांची असते आणि फुटूनही जागची हलत नाही. इथे इलेक्ट्रिक गाडीचा एक फायदा आहे. गाडी ‘रेडी’ असेल आणि एसी चालू असेल तर आत थंडावा राहतो आणि तुम्हाला थोडा वेळ मिळतो. अशा वेळी ॲपवरून गाडी बंद करू नका. मात्र मूल सीटबेल्टमध्ये नसेल तर गाडीच्या पुढे-मागे कोणी उभे राहू नये आणि चाकांखाली दगड लावावेत.

फेरीबोटीबद्दलही दोन शब्द. बेती, दिवाडी किंवा चोडणला जाताना गाडी फेरीत चढवली की हँडब्रेक ओढा, गाडी बंद करा, दारांचे लॉक उघडा आणि काचा खाली घ्या. वेगामुळे लागलेले लॉक तसेच ठेवून माणसे आत बसून राहतात ते मला पटत नाही. पाण्यात विजेचे लॉक आणि काचा किती वेळ साथ देतील याची खात्री कोणीही देऊ शकत नाही.

रोजच्या वापरासाठी मी ग्राहकांना एक क्रम घालून देतो. गाडी थांबली की ‘पी’ (असेल तर), मग हँडब्रेक, मग बटण. त्यानंतर हात दाराकडे नेण्याआधी नजर डॅशबोर्डवर न्यायची आणि ‘रेडी’ची अक्षरे किंवा हिरवे चिन्ह विझलेले पाहायचे. काही क्षणांत कॉन्टॅक्टर सुटल्याचा टक असा आवाजही येतो. स्क्रीनवर विसंबू नये, कारण दार उघडेपर्यंत तो काही गाड्यांत जळतच राहतो. उतरल्यावर चावी हातात आहे हे पाहून बाहेरून लॉक करायचे आणि हँडल एकदा ओढून बघायचा. ज्या नव्या गाड्यांत स्टार्टचे बटणच नाही, सीटवर बसून ब्रेक दाबला की सुरू आणि लॉक केले की बंद, त्यांत या शेवटच्या पायरीला दुप्पट महत्त्व आहे, कारण तिथे लॉक करणे हेच बंद करणे असते.

फोंड्याच्या गृहस्थांनी पुढच्या सर्व्हिसला चार गोष्टी विचारून घ्याव्यात: गाडीला ठरावीक वेळेने आपोआप बंद होण्याची सेटिंग आहे काय, गाडी बंद केल्यावर सगळी दारे उघडण्याची सेटिंग चालू आहे काय, पुन्हा लॉक होण्याची वेळ किती आहे, आणि डिकी उघडल्यावर ती वेळ थांबते की नाही. उत्तरे तोंडी ऐकून सोडू नयेत. गाडीपाशी उभे राहून, दुसरी चावी खिशात ठेवून, प्रत्येक गोष्ट करून पाहावी आणि त्या वेळी आईंना मागच्या सीटवर बसवावे.